रिसाला बाजार ते रणगाडा संग्रहालय

बालमित्रांनो, आमच्या हिंगोलीला कधी आलात तर कुणालाही एखादा पत्ता विचारून बघा. "तोफखान्यातून सरळ जा." "ते होय, ते पलटणमध्ये राहतात." "रिसाला बाजारात विचारा, कुणीबी सांगल." "पेन्शनपुऱ्याच्या अलीकडं थांबा." नव्या माणसाला वाटेल, हे गाव आहे की छावणी? आणि गंमत म्हणजे त्याला वाटतं ते खरंच आहे. हिंगोली ही एके काळची छावणीच!

आमचा जिल्हा लोकांना माहीत असतो तो औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे, संत नामदेवांच्या नर्सीमुळे, नाहीतर हळदीच्या बाजारामुळे. छावणीची गोष्ट मात्र आमच्या मुलांनाही ठाऊक नव्हती. एकदा सातवीच्या वर्गात मी विचारलं, "रिसाला म्हणजे काय रे?" सगळे गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, उर्दूत रिसाला म्हणजे मासिक." वर्ग हसला, पण तिचं उत्तर चूक नव्हतं. उर्दूत मासिकालाही रिसाला म्हणतात आणि घोडदळालाही. म्हणजे आत्ता तुमच्या हातात आहे तोही एक रिसालाच की!

आमच्या बाजाराला नाव मिळालं ते घोड्यांच्या रिसाल्यावरून. निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. शिपाई इथले, वरचे अधिकारी इंग्रज. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई आणि आपलं हिंगोली अशा गावी तिच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिळवून टाकली आणि तिच्या रिसाल्यांना नवे नंबर दिले. त्यातल्या एकाचं नाव पडलं 'विसावा डेक्कन हॉर्स'.

आता नीट ऐका. १४ जुलै १९१६. पहिलं महायुद्ध चालू होतं. फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात, 'हाय वुड' नावाच्या रानाजवळ, संध्याकाळच्या वेळी हा डेक्कन हॉर्स रिसाला हातात भाले घेऊन उभ्या पिकातून दौडत गेला. समोर होते जर्मन सैनिक आणि त्यांच्या मशीनगन. कुठं आमचं दख्खन, आणि कुठं ते फ्रान्समधलं शेत! हे सांगितलं तेव्हा वर्ग पहिल्यांदा अगदी शांत झाला. मग एकानं विचारलं, "बाई, ते जर्मन दिसायचे कसे?"

या प्रश्नामुळेच आमच्या सहलीत नगरचं नाव आलं. शिर्डी आणि शनिशिंगणापूर तर ठरलेलंच होतं. त्याला जोडून अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, रणगाडा संग्रहालय घेतलं. हिंगोलीहून रात्रीच एस.टी. सुटली. अर्धी गाडी गाणी म्हणत होती, अर्धी खिडकीतून उलट्या करत होती. सहल म्हटलं की हे आलंच!

नगरला चिलखती दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. चिलखती दल म्हणजे रणगाड्यांचं दल. तिथं फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. उघड्या मैदानात, झाडांच्या सावलीत देशोदेशींचे सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या ओळीनं उभ्या आहेत. रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन आहे. जपानी रणगाडे आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन चिलखती गाडी आहे, तसंच ८८ मिलिमीटरची प्रसिद्ध जर्मन तोफही आहे.

८८ मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या पट्टीवर मोजा, नऊ सेंटिमीटरला थोडं कमी. एवढं तिच्या नळीचं तोंड. नळीची लांबी मात्र जवळजवळ पाच मीटर. मुळात ही विमानं पाडण्यासाठी केलेली तोफ. पण उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांनी तिची नळी आडवी केली आणि तिनं रणगाडेही फोडले. त्या वाळवंटात समोर आपल्याकडचे हजारो जवानही होते, हे विसरू नका.

जर्मन गाडीपाशी आमचा एक मुलगा थांबला तो हलेचना. हुशार पोरगा, चित्रकला उत्तम. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी. म्हणाला, "बाई, यात बसणाऱ्यांचा ड्रेस लई भारी असायचा. काळा. टोपीवर कवटी. मी मोबाइलवर पिच्चरमध्ये पाहिलाय."

तिथं मी एवढंच म्हटलं, "शाळेत गेल्यावर बोलू."

शाळेत आल्यावर मी तालुक्याच्या वाचनालयातून महायुद्धावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात गणवेशांचे मोठे फोटो होते. असे खरे गणवेश लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये किंवा जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात काचेमागं ठेवलेले असतात. आपण तिथं कुठं जाणार? म्हणून आम्ही ते पुस्तकच वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्याभोवती गोल करून बसलो.

मुलांनो, गणवेश हे एक पुस्तकच असतं. वाचता आलं पाहिजे. आधी रंग बघा. पूर्वी सैनिक लाल, निळे, झगझगीत कपडे घालून लढायला जात. बंदुका लांबवर मारा करू लागल्या तशी ही हौस जिवावर बेतू लागली. मग इंग्रजांच्या सैन्यात खाकी आली, तीही हिंदुस्थानातूनच. खाक म्हणजे धूळ, धुळीच्या रंगाची ती खाकी. जर्मनांनी राखाडी-हिरवट रंग घेतला. त्याला ते 'फेल्डग्राउ' म्हणत, म्हणजे रणांगणातला करडा. डोक्यावर आधी टोकदार भाला लावलेलं चामड्याचं शिरस्त्राण असे. १९१६ मध्ये, आपला डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये लढला त्याच वर्षी, त्याच्या जागी कान झाकणारं पोलादी शिरस्त्राण येऊ लागलं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

मग खांदा बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या खांद्यावरच्या पट्टीच्या कडेला रंगीत गोट असे. पांढरा म्हणजे पायदळ, लाल म्हणजे तोफखाना, सोनेरी पिवळा म्हणजे घोडदळ. आणि रणगाडेवाल्यांचा? गुलाबी! मुलं खो खो हसली. पिच्चरमधल्या त्या भारी काळ्या ड्रेसला गुलाबी गोट होता, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ताऱ्यांचं कोडं. आपल्या सैन्यात खांद्यावर दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, तीन तारे म्हणजे कॅप्टन. त्यांच्याकडं लेफ्टनंटच्या खांद्यावर एकही तारा नसे, वरच्या लेफ्टनंटला एक आणि कॅप्टनला दोन. म्हणजे आपली रीत धरून त्यांचा खांदा वाचायला गेलात तर त्यांच्या कॅप्टनला तुम्ही लेफ्टनंट ठरवाल. खूण वाचायची तर आधी ती कुणाची हे ठाऊक हवं.

आणि काळा रंग कशासाठी? रणगाड्यात तेल, ग्रीस, धूर. काळ्यावर डाग दिसत नाहीत. आत अडकू नये म्हणून कोटही आखूड. आपल्या चिलखती दलाचे जवानही काळा डगला आणि काळी टोपी घालतात. म्हणजे रंगात काही वाईट नाही, रंग बिचारा कामाचा आहे. तो पोरगा खूश झाला. मला वाटलं, झालं, विषय संपला.

संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात वह्या तपासताना त्याच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. पेन्सिलनं काढलेलं सुरेख चित्र. काळ्या गणवेशातला ऐटबाज अधिकारी, टोपीवर कवटी, छातीवर गरुड आणि गरुडाच्या पायात ते वाकड्या टोकांचं चिन्ह. खाली, जिथं अधिकाऱ्याचं नाव लिहायचं, तिथं या मुलानं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मला राग नाही आला. भीती वाटली. कारण पोरगा वाईट नव्हता. त्याला फक्त कापड आवडलं होतं. आणि ते कापड आवडावं म्हणूनच शिवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कुणाचं नाव न घेता फळ्यावर आपलं स्वस्तिक काढलं. उंबरठ्यावर, पाटावर, वहीपूजनाला काढतो तसं, चार ठिपक्यांचं. शेजारी ते दुसरं काढलं. "फरक सांगा."

"बाई, त्यांचं उलटं आहे!" दोघंतिघं ओरडले.

मुलांनो, पुष्कळ मोठी माणसंही असंच सांगतात, पण ते खरं नाही. दोन्हीची टोकं एकाच दिशेनं वळतात. त्यांनी ते कोपऱ्यावर उभं केल्यासारखं तिरपं केलं आणि काळं रंगवलं, एवढंच. खुणेत फरक थोडा. अर्थात मात्र जमीन-अस्मानाचा. आपल्याकडं, आणि बौद्ध व जैन धर्मांतही, हे हजारो वर्षांचं कल्याणाचं चिन्ह. जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षानं ते १९२० मध्ये उचललं, १९३५ मध्ये देशाच्या झेंड्यावर लावलं. त्याआधीच, १९३४ मध्ये, ते गरुडाच्या पायात देऊन प्रत्येक सैनिकाच्या छातीवर उजव्या बाजूला शिवलं. त्याच वर्षी सैनिकांची शपथही बदलली. नवी शपथ एका माणसाच्या नावानं होती, हिटलरच्या. आपला जवान भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो. कोणाही माणसाच्या नावाची नव्हे. हा फरक बाहीवर दिसत नाही, पण सगळ्यांत मोठा तोच.

"पण बाई, त्या चिन्हानं केलं काय एवढं?"

तेव्हा मी पिशवीतून पिवळ्या कागदाची एक चांदणी काढली. सहा टोकांची. "हीसुद्धा त्याच राज्यातली एक खूण. गणवेशावरची नाही, साध्या कपड्यांवरची. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीत हुकूम निघाला. सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू माणसानं ही चांदणी छातीवर शिवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. वर लिहायचं 'ज्यू'. म्हणजे रस्त्यात कुणालाही लांबून कळावं, याच्यापासून दूर राहायचं. पुढं अशा माणसांना गाड्यांत भरून नेलं आणि मारलं. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांत दहा लाखांहून जास्त मुलं होती."

वर्गात कुणी बोलेना. मग तो मुलगाच उठला. "बाई, सहा वर्षांचं म्हणजे पहिलीतलं?"

"हो. पहिलीतलं."

"माझी बहीण पहिलीत आहे," एवढं म्हणून तो खाली बसला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तो गणवेश घालणारा प्रत्येक जण राक्षस होता का? इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं! आणखी एक खूण सांगते. तोच करडा जर्मन गणवेश, पण बाहीवर केशरी, पांढरा, हिरवा रंग, त्यावर झेप घेणारा वाघ, आणि जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत' असे शब्द. हे कोण? हे आपलेच लोक! उत्तर आफ्रिकेत जर्मन आणि इटालियन सैन्याच्या हाती सापडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत एक पलटण उभी केली. सुमारे तीन हजार जण तिच्यात होते. त्यांच्या शपथेत नेताजींचं नाव होतं, आणि हिटलरचंही. त्या वेळी जर्मनीत नेताजींच्या सोबत आबिद हसन नावाचा तरुण होता. तो हैदराबादचा. आमची हिंगोलीही १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होती. 'जय हिंद' हे अभिवादन सुचवण्याचं श्रेय त्यालाच देतात. पुढं फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी जर्मन पाणबुडीतून आशियाकडं निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर हाच आबिद हसन होता. अंगावर परक्याचा कोट आणि मनात आपला देश. त्या जवानांच्या मनात काय चाललं असेल, ते कोटावरून कसं कळणार?

आणि दुसऱ्या बाजूला? ९ एप्रिल १९४५. इटलीतली सेनियो नदी. इंग्रजांच्या हिंदी सैन्यातल्या मराठा पलटणीचा एक शिपाई, नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. वय २३. समोर जर्मन मशीनगन. साथीदार जवळजवळ सगळे पडलेले. त्यानं दोन जखमींना खोल पाण्यातून, उंच काठावरून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुरक्षित पोचवलं. परत गेला. हाताला गोळी लागलेली असताना शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. मग काठावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना हात करून बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांच्या सैन्यातला शौर्याचा सर्वांत मोठा सन्मान.

मी विचारलं, "या नामदेव जाधवांच्या बाहीवर किती फिती असतील?" लान्स नायकला एक, नायकला दोन, हवालदाराला तीन, हे आता मुलांना पाठ झालं होतं. कुणी म्हणालं तीन, कुणी दोन.

"एकही नाही. ते साधे शिपाई होते. शिपायाची बाही कोरी असते."

एक मुलगी म्हणाली, "म्हंजे बाई, बाहीवर माणूस कळतच नाही."

"बाहीवर एवढंच कळतं, की तो कुठल्या बाजूचा आणि त्याचा हुद्दा काय. बाकीचं त्यानं काय केलं यावर."

तरीही मुलांनो, खूण काहीच नसते असं समजू नका. माणूस कोट उतरवू शकतो. खुणेला माणसांनी जो अर्थ चिकटवला तो इतका सहज उतरत नाही. जर्मन लोकांनाही हे भोगावं लागलं. त्यांचं 'आयर्न क्रॉस' नावाचं शौर्यपदक १८१३ पासूनचं, नाझींच्या फार आधीचं. १९३९ मध्ये त्याच्या मध्यभागी ते चिन्ह बसवलं. युद्धानंतर जुन्या सैनिकांनी आपली पदकं लावायची की नाही? १९५७ मध्ये कायदा झाला : लावा, पण मधलं चिन्ह काढून. आजही त्या देशात ते चिन्ह मिरवणं हा गुन्हा आहे. संग्रहालयात आणि शाळेत मात्र ते दाखवता येतं, कारण ते झाकून ठेवलं तर मुलांना कळणार कसं?

ड्रेस्डेनच्या ज्या संग्रहालयाचा मघाशी उल्लेख केला, ती जुन्या शस्त्रागाराची ऐटबाज इमारत आहे. २०११ मध्ये ती नव्यानं उघडली, तेव्हा तिच्या पोटातून काचेची आणि पोलादाची एक भली मोठी पाचर आरपार घातलेली होती. इमारतीची सगळी ऐट मधोमध चिरलेली. आत गणवेश आहेत, पण आत शिरण्याआधीच मनात येतं, याची किंमत कुणी मोजली?

आमच्या वर्गातून शेवटचा प्रश्न आला तो असा : "बाई, मग आपण दारात स्वस्तिक काढायचं का नाही?"

काढायचं. खुशाल काढायचं. आजीनं शिकवलं तसं, ठिपके देऊन, येणाऱ्याचं भलं होवो म्हणून. ते आपलं आहे. पण कुणी ते दुसरं चिन्ह 'भारी दिसतं' म्हणून गाडीवर चिकटवलं, टी-शर्टवर मिरवलं, तर त्याला पिवळ्या चांदणीची गोष्ट सांगायची. भांडायचं नाही. फक्त सांगायची.

तुम्हीही आईबाबांना घेऊन नगरला जरूर जा. लष्कराच्या ताब्यातली जागा आहे, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. जर्मन तोफेच्या नळीची लांबी पावलांनी मोजा. पाट्या वाचा. आणि परत आल्यावर आपल्या गावातल्या गल्ल्यांची नावंही वाचा. कुणास ठाऊक, तुमच्या घराजवळही एखादा रिसाला बाजार असेल.

हो, त्या वहीचं सांगायचं राहिलंच. मी काही बोलले नव्हते, पान फाड असंही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांनी वह्या पुन्हा तपासायला आल्या तेव्हा शेवटचं पान उघडलं. चित्र तसंच होतं. खालचं नाव मात्र खोडरबरानं इतकं घासलं होतं, की तिथला कागद पातळ झाला होता.